बेड नंबर सातचा खटला

आयसीयूतून माणूस घरी आला की त्याच संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटतात. मी दारात चपला काढत असते आणि कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवतं, "घ्या मावशी, बाबा वाचले!" मी पेढा खाते. पेढ्याला कशाला नाही म्हणू? पण मनात म्हणते, बाळांनो, वाचवायचं ते डॉक्टरांनी वाचवलं. आता इथून पुढे तुमची वाट लागायची आहे.

मी कमल. पेशंट सांभाळते. कामं देणाऱ्या ब्यूरोच्या भाषेत अटेंडंट, वॉचमनच्या भाषेत 'वो पेशंटवाली बाई', आणि घरात पाऊल टाकलं की सगळ्यांची मावशी. पंच्याऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा मला मावशी म्हणतात. त्यांच्या आईची बहीण व्हायला मला अजून एक जन्म आधी यावं लागलं असतं, पण म्हणू देत. घाटकोपरला डोंगरावर राहते, शिक्षण सातवी, नर्सिंगचं सर्टिफिकेट नाही. जे शिकले ते हात लावून आणि बोलणी खाऊन. हा अंक काढणाऱ्या ताईंची आई माझी पेशंट होती. ताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बोलता ना, तसंच लिहा." म्हटलं, मी बोलते तसं लिहिलं तर तुमच्या जाहिरातींना जागा उरणार नाही. तर त्यांनी पानं ठरवून दिली. म्हणून एकच घर सांगते. पण त्या आधी धंद्याचं थोडं सांगावंच लागेल, नाहीतर कळणार नाही.

दोन-तीन आठवडे मशीनवर श्वास घेतलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या मांड्या दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारख्या झालेल्या असतात. चमचा उचलला तरी हात थरथरतो. घशात नळी होती म्हणून आवाज घोगरा, आणि गिळायची सवयच मोडलेली, साध्या पाण्यानेसुद्धा ठसका लागतो. त्याला रोज थोडं थोडं बसवायचं, उभं करायचं, चालवायचं. नुसता झोपून राहिला तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि मग परत ॲम्ब्युलन्स, परत तीच लिफ्ट, परत तोच आयसीयू. पेढे वाटलेले असतात ते वेगळंच.

माझा पहिला नियम म्हणजे पेशंटला भरवायचं नाही. ताठ बसवायचा आणि चमचा त्याच्या हातात द्यायचा. सांडलं तर सांडू दे. एका वाटीला अर्धा तास लागला तर लागू दे, मला कुठे विमान पकडायचंय? पण घरच्यांना हे बघवत नाही. लेकी येतात, सुना येतात, "बाबा, आ करा, आ... शाब्बास!" अरे, तो रेल्वेतून रिटायर झालेला माणूस आहे, त्याला काय बालवाडीत घालताय? प्रेमाने माणूस जितका लुळा होतो तितका रोगाने होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा नियम, भेटायला येणाऱ्यांना पाच मिनिटांच्या वर बसू द्यायचं नाही. येणारा प्रत्येक जण दोन शहाळी आणि एक मेलेला नातेवाईक घेऊन येतो. "आमच्या मामांना पण अस्संच झालं होतं." मग मामांचं काय झालं ते पेशंटच्या उशाशी बसून सांगायचं. मी सरळ बेडपॅन उचलते आणि म्हणते, "जरा बाहेर बसता का? टाइम झाला." बेडपॅन बघून भलेभले उठतात. आत काही नसलं तरी चालतं.

तिसरा नियम मी फार उशिरा शिकले, आणि तो एका बाईंना त्रास देऊन शिकले. तेवढं सांगते. मुलुंडला एक रिटायर शिक्षिका होत्या. आयसीयूतून आल्यावर मला म्हणाल्या, "मावशी, मला होडीत ठेवलं होतं. मढच्या बाजूला. पाणी आत येत होतं आणि कोणी काढत नव्हतं." मी हसले. म्हटलं, "बाई, औषधाची गुंगी ती. सोडा." त्यांनी सोडलं. म्हणजे मला सांगायचं सोडलं. पण रोज अंघोळीला नेलं की रडायच्या, दाराची चौकट धरून ठेवायच्या, आणि मी म्हणायची, बाई हट्टी आहे. माझं काम सुटल्यावर खूप दिवसांनी त्यांच्या मुलीकडून कळलं, त्यांना रोज बादली बघितली की आपण बुडणार असं वाटायचं. मी रोज त्यांच्या डोक्यावरून तांब्या ओतत होते. अजून कधीकधी बादली भरताना आठवतं.

तेव्हापासून मी पेशंट जरा बोलायला लागला की पहिलं विचारते, "तिकडे काय काय दिसलं?" आणि हसत नाही. अगदीच आवरलं नाही तर किचनमध्ये जाऊन हसते. अंधेरीच्या एका काकांना आयसीयू म्हणजे लग्नाचा हॉल वाटला होता. वरपक्षाने आपल्याला एकदाही जेवायला बसवलं नाही, नुसतं पाडून ठेवलं, म्हणून ते घरी आल्यावर व्याह्यांशी बोलेनात! व्याही बिचारे रोज हॉस्पिटलला डबे पोचवून दमलेले. हे आतलं दिसणं स्वप्नासारखं पुसून जात नाही. ज्याला दिसलं त्याच्यासाठी ते घडलेलं असतं.

आता परबांचं घर.

दिंडोशीला कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर. अनंत परब, वय अडुसष्ट, सिंधुदुर्गाकडचे. वडील गिरणीत होते. हे कोर्टात पट्टेवाले. पांढरा ड्रेस, पट्टा, आणि दारात उभं राहून केसच्या नंबराचा आणि आरोपीच्या नावाचा पुकारा करायचा, हे काम जन्मभर केलेलं. निमोनिया झाला, सतरा दिवस मशीनवर होते, आणि वाचले. घरात बायको सुमतीकाकी आणि मुलगी वैशाली. वैशालीचं सासर कांदिवलीला, पण ती ऑफिसातून लॅपटॉप घेऊन माहेरीच येऊन राहिली होती. तिने फ्रीजवर तक्ता लावला होता. कूस कधी बदलायची, छातीच्या व्यायामाचे बॉल कधी फुंकायचे, औषध कधी, सगळं रंगीत. मला म्हणाली, "मावशी, प्रत्येक गोष्ट झाली की टिक करायची." म्हटलं, "संडासला पण?" म्हणाली, "त्याला वेगळा रंग आहे." पोरगी झकास होती. घाबरली होती, म्हणून रंग जास्त होते.

काका मात्र ऐकेनात. फिजिओथेरपीवाला मुलगा येऊन पाय हलवून जायचा, तेवढं करून घ्यायचे. उभं करायला गेलं की अंग सोडून द्यायचे. पलंगावरून पाय खाली घेतले की डोळे मिटून घ्यायचे. दाराच्या बाहेर तर बघायचेसुद्धा नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकींच्या हातचं काही घ्यायचे नाहीत. काकी पेज घेऊन आल्या की तोंड भिंतीकडे. तीच पेज मी नेली की चमचाभर घ्यायचे. काकींशी एक शब्द नाही.

काकींनी मग युक्ती काढली. पेज करायच्या, किचनच्या दारापर्यंत आणायच्या, आणि वाटी माझ्या हातात देऊन स्वतः आडोशाला उभ्या राहायच्या. चव आवडली का ते बघायला.

"कमलताई, मीठ पुरला?" हळूच विचारायच्या.

"काकी, तुम्हीच जाऊन विचारा ना."

"नको. माका बघून जेवचे नाय."

त्रेचाळीस वर्षांचा संसार, आणि बाई स्वतःच्या घरात दाराआड. वैशाली चिडायची, "आई, तू काय बोललीस का त्यांना? हॉस्पिटलमध्ये काही झालं का?" काकी म्हणायच्या, "काय होतला? काय नाय झाला." आणि भांडी घासायला लागायच्या. घासलेलीच भांडी परत.

डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, वजन उतरतंय, छातीत परत आवाज यायला लागलाय. चार-पाच दिवसांत उठून बसले नाहीत, नीट खाल्लं नाही, तर परत ॲडमिट करावं लागेल. आणि वैशालीला बाजूला घेऊन म्हणाले, या वेळी मशीनवर गेले तर उतरतील की नाही सांगता येत नाही. बाजूला घेतात म्हणजे दीड हातावर घेतात. काकींनी ऐकलं, मी ऐकलं, आणि मला वाटतं काकांनीही ऐकलं.

त्या दुपारी वैशाली मीटिंगमध्ये होती, काकी खाली पाव आणायला गेल्या होत्या. मी काकांच्या पाठीला पावडर लावत होते. पाठीशी असलं की माणूस जास्त बोलतो, तोंड दिसत नाही ना. म्हटलं, "काका, तिकडे काय काय दिसलं?"

मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही कुणाला सांगणार नाही?"

"कुणाला सांगू? माझं ऐकतं कोण?"

"माझ्यावर केस चालू आहे."

माझा हात थांबला नाही. हात थांबवायचा नसतो, थांबवला की पेशंट पण थांबतो. म्हटलं, "कसली केस?"

"ते नाय सांगितलं. पण मला आत घेतला. हात बांधले. कपडे काढून घेतले. नाव नाय, नंबर दिला, सात. 'सात नंबर, सात नंबर.' मी जन्मभर नंबर पुकारले, मावशी, मला कळतं. सगळे तोंड झाकलेले. मला बोलायचं होतं, तर तोंडात काहीतरी कोंबून ठेवलं. बचावाची संधीच दिली नाय. असं कुठल्या कोर्टात होतं?"

मी म्हटलं, बरोबर आहे, अन्याय आहे. मग सावकाश एकेक सांगितलं. हात बांधले ते तुम्ही नळी उपटू नये म्हणून. हे बघा मनगटावर अजून डाग आहे. सात हा तुमच्या बेडचा नंबर. तोंडात कोंबलेली तीच श्वासाची नळी, तिनेच वाचवलं. तोंडं झाकली होती कारण मास्क. काका ऐकत होते. शहाणा माणूस होता, कोर्टात राहिलेला, पुरावा दिला की मान हलवायचा.

मग म्हणाले, "तां ठीक आसा. पण साक्षीदारांचा काय?"

"कोण साक्षीदार?"

"पंधरा-वीस माणसां होती. दिसत नव्हती, पण आवाज येत होतो. एक जण माझे गुन्हे वाचत होतो. आणि प्रत्येक गुन्ह्याक सगळे एकदम म्हणत होते, व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा." त्यांच्या पाठीवर सरसरून काटा आला, माझ्या हाताला लागला. "आणि ही. ही माझ्या उशाशी उभी. हात जोडून. ही पण म्हणत होती, व्हय म्हाराजा. माझ्या बायकोन माझ्या विरोधात साक्ष दिल्यान, मावशी."

आता सांगा, याला मास्क आणि नळीत कुठे बसवू? मी विचारलं, "मग निकाल काय लागला?"

"निकाल नाय लागलो. मधीच टिंग असा झाला, आणि सगळा बंद. निकाल राखून ठेवलोहा. म्हणून मी उठत नाय. दाराबाहेर गेलो की वाचून दाखवतले. निकाल आरोपीन उभ्यान ऐकूचो लागता. उभोच नाय ऱ्हवलंय तर?"

म्हणजे बघा, अख्खं घर म्हणत होतं बाबांचं डोकं गेलं, आणि हा माणूस स्वतःचा जीव वाचवायला अक्कल लढवत होता. उभं राहायचं नाही म्हणजे निकाल नाही.

आम्ही बौद्ध. माझ्या घरी देव्हारा नाही, त्यामुळे देवाधर्मातलं मला ओ की ठो कळत नाही. व्हय म्हाराजा म्हणजे मला कुठल्या राजाचा दरबार वाटला. काकी पाव घेऊन आल्यावर मी त्यांना किचनमध्ये गाठलं. आधी म्हटलं ना, कुणाला सांगणार नाही? सांगितलं. या धंद्यात कुठलं गुपित पोटात ठेवायचं आणि कुठलं नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

"काकी, व्हय म्हाराजा म्हणजे काय हो?"

काकींच्या हातातली पावाची पिशवी खाली पडली. खरंच पडली. लादीपाव होता म्हणून बरं, अंडी असती तर वैशालीच्या तक्त्यात आणखी एक रंग वाढला असता.

मग खाली बसून, पदर तोंडाला लावून, काकींनी सगळं सांगितलं.

त्यांच्या गावाकडे काही संकट आलं की देवासमोर गाऱ्हाणं घालतात. गावातला मानकरी उभा राहून देवाशी मोठ्याने बोलतो, काय झालं, काय चुकलं, काय पाहिजे, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात. काकांचे मोठे भाऊ, बापूदादा, गावचे मानकरी. काका मशीनवर असताना त्यांनी गावात माणसं जमवली आणि काकींना फोन केला. भेटायच्या पाच मिनिटांत काकींनी पदराआड फोन नेला, स्पीकर चालू केला आणि नवऱ्याच्या कानाला लावला. आत फोन न्यायला सक्त मनाई. वैशालीला पण सांगितलं नव्हतं, तिला असलं काही चालत नाही.

"आणि मग?"

"मग बापूदादांनी सुरू केल्यानी. तुझा लेकरू मुंबयक जावन ऱ्हवला. व्हय म्हाराजा. तुका इसारला. व्हय म्हाराजा. वीस वर्सां जत्रेक इला नाय. व्हय म्हाराजा. दिलेलो शबूद पाळूक नाय..."

"आणि तुम्ही पण व्हय म्हाराजा?"

"मग? मानकऱ्यान म्हटला की म्हणूचा लागताच ना! आणि ह्येंनी डोळे उघडल्यानी. माका वाटला, गुण इलो. तितक्यात सिस्टर धावत इली, फोन ओढून बंद केल्यान."

"म्हणजे गुन्हे वाचून झाले आणि फोन कट."

काकी एकदम रडायला लागल्या. कारण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्या दिवसानंतर काकांचा ताप चढला होता, आणि काकींनी मनाशी धरलं होतं की गाऱ्हाणं अर्धवट टाकलं म्हणून देव कोपला. नवऱ्याला आपणच मारत होतो. म्हणून त्या दाराआड. तिकडे नवरा समजतो बायकोने साक्ष दिली, इकडे बायको समजते मीच गुन्हेगार, आणि दोघांच्या मधे रोज दोनदा मी, पेजेची वाटी घेऊन!

म्हटलं, "काकी, राहिलेल्या अर्ध्यात काय असतं?"

डोळे पुसत म्हणाल्या, "तेच तर असता. तरी पण म्हाराजा, पोटात घाल."

मग काय, म्हटलं लावा फोन.

बापूदादा फोनवर तयार नव्हते. "अर्ध्यापासून कसा घालू? तां काय गाडीचा तिकीट आसा, अर्ध्या रस्त्यात चढाक? सुरवातीपासून घालूचा लागतला. नारळ व्हयो, पाच माणसां व्हयी."

मी काकींच्या हातातून फोन घेतला. "बापूदादा, सुरुवातीपासून घाला, मधून घाला, पण उद्या सकाळी घाला. आणि शेवटपर्यंत घाला. इथे माणूस निकालासाठी थांबलाय."

"तुम्ही कोण?"

"मी पेशंटवाली."

"तुमचो इश्वास आसा?"

"नाही."

बापूदादा म्हणाले, "बरा. निदान खरा बोलता."

वैशालीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती ऐकून म्हणाली, "आईने आयसीयूमध्ये फोन नेला? इन्फेक्शन किती असतं मोबाइलवर माहितीय?" म्हटलं, "आता ते इन्फेक्शन कानातून गेलंय, ते काढायचंय." ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि मग जाऊन फोनचा स्टँड घेऊन आली. तक्त्यावर लिहिलं, सकाळी दहा, गाऱ्हाणं. हिरव्या रंगात.

सकाळी मी काकांचं अंग पुसलं, धुतलेला सदरा घातला, पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं. म्हटलं, "काका, आज तारीख आहे."

त्यांनी विचारलं, "कसली?"

"बेड नंबर सात. राखून ठेवलेला निकाल. पण हे बघा, कोर्ट कुठलं आहे ते मला कळलंय. तुमच्या गावचं आहे. फोनवर होतं. काकींनी कानाला लावला होता. तुम्ही अर्धंच ऐकलंत."

मग मी दाराआड उभ्या असलेल्या काकींना हाताला धरून आत आणलं. काका त्यांच्याकडे बघत नव्हते, पण भिंतीकडेही वळले नाहीत.

वैशालीने व्हिडिओ लावला. पहिली पाच मिनिटं बापूदादांची एक नाकपुडी दिसत होती. मग कुणीतरी फोन लांब धरला आणि देवळाचा खांब, नारळ आणि पाचाच्या जागी बारा-तेरा माणसं दिसली. एक जण इकडे बघून हात हलवत होता. बापूदादा ओरडले, "हात काय हालयतंस रे, हय काय पिकनिक आसा?" आणि लगेच हात जोडून, आवाज बदलून, सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

काकांनी पलंगाची कड घट्ट पकडली. तोच आवाज होता. मी त्यांच्या एका बाजूला, काठी आणि खुर्ची जवळ घेऊन. दुसऱ्या बाजूला काकी. लेकरू मुंबईला गेला, तुला विसरला, जत्रेला आला नाही, शब्द पाळला नाही. सगळे गुन्हे परत वाचले. प्रत्येकाला गावातून व्हय म्हाराजा. काकींच्या तोंडून मात्र आवाज फुटेना. त्या नुसत्या ओठ हलवत होत्या.

आणि मग जिथे सिस्टरने फोन ओढला होता ती जागा आली. बापूदादा श्वास घ्यायला थांबले. खरं सांगते, विश्वास बिश्वास काही नाही, पण मलाही वाटलं, देवा, आता नेटवर्क जाऊ नको देऊ.

काका उठायला लागले.

मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. निकाल आरोपीने उभ्याने ऐकायचा असतो. जन्मभर दुसऱ्यांना उभं केलं होतं त्यांनी. पाय लटलट कापत होते, गुडघे वळत होते, एक हात माझ्या खांद्यावर. दुसरा हात हवेत काहीतरी शोधत होता, काकींच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला. उभे राहिले. सरळ. छाती पुढे, जसे कोर्टाच्या दारात राहत असतील.

"तरी पण म्हाराजा," बापूदादा म्हणाले, "ता तुझाच लेकरू आसा. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"त्येका पायांर उभा कर."

"व्हय म्हाराजा!"

या वेळी काकी मोठ्याने म्हणाल्या. आणि त्यांच्या पाठोपाठ घोगऱ्या, फाटक्या आवाजात काका म्हणाले. व्हय म्हाराजा.

पुढे बापूदादांनी याचं श्रेय देवाला दिलं. वैशालीने फिजिओवाल्याला दिलं. त्यानेही ते बिनतक्रार घेतलं. मी एवढंच सांगेन की बापूदादा त्या पायांच्या ओळीवर पोचले तेव्हा काका आधीच उभे होते. देवाला तेवढं काम कमी झालं.

काका मिनिटभर उभे राहिले असतील. बसवलं तेव्हा घामाने भिजले होते. पंख्याकडे बघत बसले. मग काकींना म्हणाले, "सुटलंय?"

काकी म्हणाल्या, "सुटलास."

"मग पेज हाड. आणि वायच मीठ घाल. रोज अळणी धाडतंस."

काकी पळतच गेल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटी किचनच्या दारात थांबली नाही, सरळ आत आली. मी सवयीने पुढे झाले, काकांची पाठ ताठ केली, मानेखाली रुमाल लावला आणि चमचा त्यांच्या हातात दिला. माझा नियम. काकांनी चमचा बघितला. हात कापत होता, पण चमचा धरता येत होता, मी रोज बघत होते. त्यांनी तो हळूच वाटीत ठेवला, आणि काकींकडे तोंड करून, लहान मुलासारखा, आ केला.

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. तक्त्यावर लिहिलं होतं, माझ्याच सांगण्यावरून, लाल रंगात, भरवू नये.

मी म्हटलं, "मी जरा गॅलरीतले कपडे काढून येते."

गेले. कपडे अजून ओलेच होते. काढले.